पायाखालची जमीन

नोकरी गेली, हाती आलेलं पीक बुडालं, घरातला कर्ता माणूस अचानक गेला, की आपण म्हणतो, पायाखालची जमीन सरकली. या बोलण्यामागे एक गृहीत आहे. एरवी जमीन सरकत नाही. माणसं बदलतील, राज्यं येतील-जातील, पण जमीन जागच्या जागी राहील. अमरकोशात पृथ्वीची जी नावं दिली आहेत, त्यांत 'अचला' आणि 'स्थिरा' ही दोन आहेत. 'जमीन' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पण त्यालाही आपण हाच भरवसा चिकटवला.

या भरवशाला तडा जातो तो भूकंपाने. म्हणून लोकांनी गोष्टी रचल्या. लहानपणी आमच्या घरात ऐकलं होतं की दुनिया एका बैलाच्या शिंगावर तोललेली आहे. एक शिंग दुखू लागलं की तो ती दुसऱ्या शिंगावर घेतो आणि भूकंप होतो. शेजारच्या घरात हेच काम शेषनाग करायचा, डोक्यावरचा भार एका फण्यावरून दुसऱ्या फण्यावर घेऊन. दोन्ही घरांतल्या मुलांना एवढं पक्कं ठाऊक होतं की खाली काहीतरी आहे आणि ते कधीकधी हलतं. विज्ञानाने सांगितलेली गोष्ट याहून चकित करणारी आहे. खाली जे हलतं ते कधीकधी नव्हे, सतत हलतं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. भूगर्भशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर एक प्रश्न माझ्या मागे लागला. दख्खनचं पठार एवढं जुनं, एवढं कठीण. मग ते का हललं? त्या प्रश्नाच्या मागे जाताना जे वाचलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पृथ्वीचा वरचा थर अखंड नाही. तो तुकड्यातुकड्यांचा आहे. सुमारे शंभर किलोमीटर जाडीच्या या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. इंग्रजी 'प्लेट' हा शब्दही आता आपल्या ओळखीचा झाला आहे. मोठे भूपट्ट सात-आठ, लहान अनेक. एकेका भूपट्टावर खंडाचा भाग असतो, समुद्राचा तळही असतो. आपल्या भारतीय भूपट्टावर हिंदुस्थानची भूमी आहे आणि हिंदी महासागराचा मोठा तळही आहे. या पट्ट्यांच्या खाली जे प्रावरण आहे, तो उकळता रस नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तो खडकच आहे, पण इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशेबात तो मऊ गुळासारखा वाहतो. त्यावरून भूपट्ट सरकतात. वेग किती? वर्षाला काही सेंटिमीटर. आपली नखं ज्या गतीने वाढतात, साधारण त्याच गतीने खंड चालतात.

ही कल्पना ठामपणे मांडणारा माणूसही भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता. आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. जानेवारी १९१२ मध्ये त्याने आपला विचार प्रथम जाहीरपणे मांडला आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा नकाशात पाहा, फाटलेल्या कागदाच्या दोन कडा जुळाव्यात तसे ते जुळतात. वेगेनरचं म्हणणं असं की ते केवळ दिसायला जुळत नाहीत, तिथले खडक आणि जीवाश्मही जुळतात.

या पुराव्यात आपल्या विदर्भाचा वाटा आहे. ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची एक वनस्पती पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी वाढत होती. आज जो कोळसा आपण चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यात खणतो, तो तिच्या काळातल्या जंगलांचा. नागपूरला राहिलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या परिसरातले वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. तीच ग्लॉसोप्टेरिसची पानं दक्षिण आफ्रिकेत सापडतात, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड होते. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांतही ग्लॉसोप्टेरिसचे ठसे निघाले. ही सगळी भूमी एकेकाळी एकत्र होती आणि त्या महाखंडाला जगभर जे नाव आहे, ते आहे गोंडवन. मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं.

तरीही वेगेनरचं म्हणणं बहुतेक शास्त्रज्ञांनी फेटाळलं. खंड सरकतात म्हणतोस, मग त्यांना ढकलतं कोण, या प्रश्नाला त्याच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. उत्तर मिळायला आणखी तीस वर्षं जायची होती आणि ते समुद्राच्या तळाशी होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून समुद्राची खोली मोठ्या प्रमाणावर मोजली जाऊ लागली. अमेरिकेत मेरी थार्प ही तरुणी हे आकडे कागदावर उतरवत होती. बाई म्हणून तिला त्या जहाजांवर जाण्याची परवानगी नव्हती. १९५२ च्या सुमारास तिच्या ध्यानात आलं की अटलांटिकच्या मधोमध जी पर्वतांची रांग आहे, तिच्या माथ्यावर एक लांबच लांब दरी आहे. जणू तळ तिथे उसवला आहे. तिच्या सहकाऱ्याने आधी हे हसण्यावारी नेलं, पण आकडे खोटं बोलत नव्हते. १९६२ मध्ये हॅरी हेस याने सांगितलं की या रांगांपाशी खालून नवा खडक वर येतो, थंड होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. म्हणजे समुद्राचा तळ तिथे विणला जात आहे. पुढच्याच वर्षी तळाच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांनी त्याला दुजोरा दिला आणि साठचं दशक संपेपर्यंत वेगेनरचे सरकते खंड पाठ्यपुस्तकांकडे निघाले.

एकीकडे तळ विणला जातो, तर दुसरीकडे तो उलगडायलाही हवा, नाहीतर पृथ्वी फुगत गेली असती. समुद्रतळाचा खडक दूर जाता जाता थंड आणि जड होतो आणि शेवटी खोल गर्तेत वाकून दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो. भूपट्ट का सरकतात याचं मोठं कारण इथेच आहे. खाटेवरच्या जड गोधडीचं एक टोक खाली लोंबू लागलं की तिच्याच वजनाने उरलेली गोधडी ओढली जाते. बुडणारा तळ मागच्या साऱ्या भूपट्टाला तसाच ओढतो.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. आपण समजतो, समुद्र सनातन आहे. प्रत्यक्षात महासागरांच्या तळाचा जवळजवळ सगळा खडक वीस कोटी वर्षांच्या आतला आहे, तर खंडांवर चारशे कोटी वर्षांपूर्वीचेही खडक सापडतात. खंडांचा खडक हलका, म्हणून तो बुडत नाही. फुटतो, जुळतो, पण तरंगत राहतो. महासागर उघडतात आणि मिटतात.

उघडू लागलेला महासागर पाहायचा असेल तर तांबड्या समुद्राकडे पाहावं. मुंबईहून हजला जाणारी जहाजं १९९५ पर्यंत जेद्दाहला जात होती. यात्रेकरू ज्या समुद्रातून जेद्दाहच्या किनाऱ्याला लागत, तो भूगर्भाच्या पंचांगाप्रमाणे एक तान्हं मूल आहे. अरबस्तान आफ्रिकेपासून तुटू लागला त्याला सुमारे तीन कोटी वर्षं झाली. आजही ती फट दरसाल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने रुंदावते. २००५ मध्ये इथिओपियातल्या अफार भागात काही दिवसांतच सुमारे साठ किलोमीटर लांबीची जमीन फाकली. काही ठिकाणी तिच्या दोन कडा आठ मीटरपर्यंत दूर गेल्या.

आता आपल्या भूमीच्या प्रवासाकडे येऊ. गोंडवन फुटला तेव्हा भारत आफ्रिका, मादागास्कर आणि अंटार्क्टिका यांच्या शेजारून सुटला. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिला आणि भारत उत्तरेकडे निघाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास तो, आज जिथे रियुनियन बेट आहे, त्या भागातल्या एका तप्तबिंदूवरून जात होता. तप्तबिंदू म्हणजे प्रावरणातून वर येणारा आगीचा झोत. चूल एकाच जागी आणि तवा वरून सरकतोय, असं समजा. त्या आगीने भारताच्या पश्चिम भागावर लाव्हाचे थरावर थर ओतले. काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेले आहेत. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. याच काळ्या कातळात अजिंठा-वेरूळ कोरलं गेलं, याच्याच कड्यांवर शिवरायांचे गड उभे राहिले, हाच झिजून आपली कापसाची काळी माती झाली.

पुढे सेशेल्सचा तुकडा तुटून मागे पडला. भूपट्ट पुढे सरकत राहिला आणि चूल आपली खूण मागे ठेवत गेली: लक्षद्वीप आणि मालदीवच्या प्रवाळांखालची ज्वालामुखी रांग, मग चागोस, मग मॉरिशस, शेवटी रियुनियन. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातली माणसं मजूर म्हणून मॉरिशसला गेली, त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. परमुलखात गेलो असं त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल. पण तिथला काळा दगड आणि सह्याद्रीचा दगड एकाच चुलीवरचे होते.

तप्तबिंदू ओलांडला त्या सुमारास भारताचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या वर होता. भूपट्टांच्या दुनियेत ही घोडदौडच. समोर टेथिस नावाचा महासागर होता. भारत पुढे सरकत गेला, टेथिसचा तळ आशियाखाली बुडत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी दोन खंड एकमेकांना भिडले. दोन्ही हलके, दोन्ही बुडायला तयार नाहीत. भिंतीला टेकलेली सतरंजी पुढे रेटली की तिच्या चुण्या पडतात, तसा खडक दुमडत, एकावर एक चढत गेला. तो हिमालय. मिटलेल्या समुद्राच्या खुणा त्याच्या अंगावर आहेत. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड चुनखडीचा आहे आणि त्यात समुद्री जीवांचे अवशेष आहेत. आपल्याकडे कित्येक देवघरांत शाळिग्राम असतो. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून येणारा हा काळा दगड म्हणजे टेथिस समुद्रात पोहणाऱ्या अमोनाइट या शंखधारी जीवाचा जीवाश्म. त्यावरचं चक्र हे त्या शंखाचं वेटोळं. ज्या घरात त्याची पूजा होते, त्या घरात एका नाहीशा झालेल्या महासागराची आठवण जपली जाते. त्याने पूजेला बाध येतो असं मला वाटत नाही, आदर वाढतोच.

हिमालय उभा राहिला म्हणून उत्तरेचे कोरडे थंड वारे अडले आणि मोसमी पावसाला बळ मिळालं. गंगा-यमुनेचं मैदान हिमालयाच्याच गाळाने भरलं. थोडक्यात, आपलं पाणी, आपली माती, आपले डोंगर हे सगळं या चालण्याचं देणं आहे.

पण हे चालणं थांबलेलं नाही आणि त्याची किंमतही आपण मोजत आलो. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. भूपट्टांच्या कडा एकमेकींत अडकून राहतात, ताण साठत जातो आणि एके दिवशी अडकलेलं सुटतं. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ते सुटलं तेव्हा सुमारे नऊ हजार माणसं गेली. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ सुटलं तेव्हा समुद्रतळाची हजारभर किलोमीटरहून लांब कड उसळली आणि त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठची सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं नेली. भारताचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट त्या दिवशी चार मीटरहून अधिक खचला. कच्छमध्ये १६ जून १८१९ रोजी झालेल्या भूकंपात ऐंशी किलोमीटरहून लांब जमीन बांधासारखी वर आली आणि सिंधूचा एक फाटा अडला. माणसांनी घातलेले बांध लोकांनी पाहिले होते. हा कोणी घातला? त्यांनी त्याला नाव दिलं, 'अल्ला बंद'. त्याच कच्छने २६ जानेवारी २००१ रोजी पुन्हा मोठा भूकंप सोसला.

हे सगळे प्रदेश भूपट्टाच्या कडेवर किंवा कडेच्या जवळ आहेत. किल्लारी मात्र कडेपासून शेकडो कोस आत. म्हणूनच दख्खन सुरक्षित मानलं जात होतं. त्यावेळच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. खरं तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने पठार हलू शकतं हे दाखवलं होतं. पण तो धरणाच्या पाण्याशी जोडला गेला आणि लोकांनी त्याला अपवाद मानलं. किल्लारीच्या आसपास आदल्या वर्षी लहान धक्केही बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून माणसं झोपली असताना, जमीन हलली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली, तेव्हाच्या उस्मानाबादेतली, गावंच्या गावं आडवी झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली.

असं का झालं याचं आज बहुतेक शास्त्रज्ञ देतात ते उत्तर असं. भूपट्ट कठीण असतो म्हणूनच तो ताण दूरवर वाहून नेतो. मेजाची एक कड भिंतीला टेकवून दुसरीकडून रेटा दिला, तर कुरकुर मधल्या एखाद्या जुन्या सांध्यातूनही येते. भारत हिमालयाशी जो रेटा देतो आहे, त्याचा ताण साऱ्या भूपट्टात असतो आणि लाव्हाच्या थरांखाली प्राचीन खडकांत जुन्या भेगा आहेत. त्यांतली एखादी सरकते. कोयनेच्या परिसरात अलीकडे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. तिथे सुमारे सव्वा किलोमीटरवर आपला काळा कातळ संपतो आणि त्याखाली तो प्राचीन खडक लागतो. वरून अखंड दिसणाऱ्या पठाराखाली काय आहे, हे असं थोडंथोडं कळतं आहे. पण कोणती भेग कोणत्या दिवशी सरकेल, हे आज जगातला कोणीही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. तारीख-वार सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग या ज्ञानाचा उपयोग काय? किल्लारीचा भूकंप सव्वासहाच्या आसपासच्या तीव्रतेचा होता, जगाच्या हिशेबात मध्यम. माणसं मेली ती मुख्यत्वे घरांखाली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा दर्शनी दगड एकमेकांत न गुंफलेला, मध्ये चुरा भरलेला. वर ऊन अडवण्यासाठी दरसाल माती घालून घालून जड झालेलं माळवद. उन्हाळ्यासाठी ते घर उत्तम होतं. जमीन चालते, हे धरून मात्र ते बांधलेलं नव्हतं. त्यानंतर पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली आणि २००२ मध्ये देशाच्या भूकंपाच्या नकाशातला तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला गेला.

हल्ली 'भूमिपुत्र' हा शब्द फार ऐकू येतो. कोण इथला, कोण बाहेरून आला, याचे वाद जोरात असतात. माझ्यासारख्याला त्यांत कधीकधी आपलं उत्तर तयार ठेवावं लागतं. अशा वेळी मला हे भूगर्भशास्त्र आठवतं. ज्या भूमीचे आपण पुत्र म्हणवतो, ती स्वतःच दक्षिण गोलार्धातून, विषुववृत्त ओलांडून चालत आली आहे. तिचा प्रवास पुरा झालेला नाही. तिच्या अंगाखांद्यावर आपण सगळेच वाटेत चढलेले उतारू आहोत, कोणी चार स्टेशनं आधी, कोणी नंतर.

१९९३ च्या त्या पहाटेपासून आजवर किल्लारी दीड मीटरहून अधिक ईशान्येला सरकली आहे. उद्याही सरकेल. तिला थांबवणं कोणाच्या हातात नाही. पण गावाकडे भिंत उभी राहत असेल तर गवंड्याला चार गोष्टी सांगता येतात. कोपऱ्यातले दगड एकमेकांत गुंतव. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घाल. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा घाल. आणि डोक्यावर जड माती ठेवू नकोस.